उडती राख, सिमेंट आणि प्रदर्शनातला तक्ता

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विभागात एक प्रकल्प हमखास असतो. पुठ्ठ्याचे औष्णिक वीजकेंद्र, धुराड्यातून निघालेला कापसाचा धूर, शेजारी राखेचा ढीग, पुढे सिमेंटचे छोटे पोते आणि शेवटी रंगीत कागदाची इमारत. मागच्या तक्त्यावर तीन फायदे लिहिलेले असतात : सिमेंटची बचत, पैशांची बचत, पर्यावरणाचे रक्षण. प्रकल्प मांडणारी मुले धीट असतात आणि पाठ केलेले झरझर सांगतात. मात्र ‘राख घातली तरी काँक्रीट घट्ट कसे होते?’ एवढेच परीक्षकाने विचारले की गाडी अडते. फार तर ‘राख बारीक असते, ती फटी बुजवते’ असे उत्तर येते. ते अगदीच खोटे नाही. पण तेवढेच खरे असते तर बारीक दळलेली वाळूही चालली असती, आणि ती तितकीशी चालत नाही.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. या विषयावर त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठी जे लिहिले जाते, म्हणजे प्रकल्पांच्या पुस्तिका, वृत्तपत्रांच्या पुरवण्या, स्पर्धापरीक्षांची टिपणे, त्यात एकच वाक्य थोड्याफार फरकाने फिरत असते : सिमेंटऐवजी काही प्रमाणात उडती राख वापरता येते. या वाक्यातल्या ‘ऐवजी’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. साखरेऐवजी गूळ घातला तर गूळ साखरेचेच काम करतो. राख सिमेंटचे काम करत नाही. सिमेंटने आपले काम करून जे मागे टाकले, त्यावर ती नंतर, सावकाश आणि पाणी असेल तरच काम करते. हा ‘नंतर’, हा ‘सावकाश’ आणि हे ‘पाणी’ तक्त्यावर कुठेच नसते. बांधकामावर जे बिघडते ते नेमके या तीन शब्दांपाशी बिघडते.

थोडे रसायनशास्त्र पाहू या. शाळेत शिकवतो त्याहून ते फार अवघड नाही. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून जे खडे मिळतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात थोडे जिप्सम घालून दळले की साधे पोर्टलंड सिमेंट तयार होते. यातली मुख्य संयुगे कॅल्शियमची सिलिकेटे. पाणी मिळाले की त्यांच्यापासून दोन पदार्थ बनतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. वाळू आणि खडी धरून ठेवणारा खरा गोंद तो हाच. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरवलेला चुना. शंभर किलो सिमेंटातून साधारण वीस ते पंचवीस किलो चुना असा मोकळा होतो. मजबुतीत त्याचा वाटा थोडा असतो, आणि झिरपणाऱ्या पाण्याबरोबर तो बाहेर पडतो. जुन्या स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. राखेत असते सिलिका आणि ॲल्युमिना. पाण्याच्या सान्निध्यात ती या मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि पुन्हा तोच गोंद तयार होतो. म्हणजे राखेचा पहिला कच्चा माल सिमेंटाच्या क्रियेतून यावा लागतो. सिमेंट नसेल, आणि बाहेरून चुनाही दिला नसेल, तर आपल्याकडची राख पाण्यात कालवून कितीही दिवस ठेवा, तिचा चिखलच राहतो.

येथे चांगला विद्यार्थी विचारील की सिलिका तर वाळूतही आहे, मग वाळू अशी क्रिया का करीत नाही? माझ्या मते संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर भाग हा आहे, आणि तक्त्यावर त्याला जागाच नसते. वीजकेंद्रात कोळसा पिठासारखा बारीक दळून भट्टीत फवारतात. त्यातला कार्बन जळून जातो, पण कोळशात मिसळलेली माती आणि खनिजे त्या उष्णतेत वितळतात. वितळलेला कण हवेत तरंगत असतो आणि पृष्ठताणामुळे गोल होतो. मग काही सेकंदांत धुराबरोबर थंड भागात जातो. इतक्या घाईत अणूंना स्फटिकाच्या शिस्तीत बसायला वेळच मिळत नाही. ते जसे असतील तसे गोठतात. म्हणजे राखेचा मोठा भाग काच असतो. वाळूतली सिलिका स्फटिकी, घट्ट विणलेली. राखेतली काचरूप, विस्कळीत आणि म्हणून चुन्यापुढे हार मानणारी. तेच मूलद्रव्य, तेच संयुग, फक्त रचना वेगळी. हिरा आणि ग्राफाइट यांचे उदाहरण आपण दर वर्षी देतो. हे दुसरे उदाहरण मुलांच्या डोक्यावरच्या छपरात आहे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली चिमूटभर राख पाहिली तर ते काचेचे गोळे स्पष्ट दिसतात. काही पोकळ असतात आणि पाण्यावर तरंगतात.

हे ज्ञान नवेही नाही. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोकांनी समुद्रात धक्के बांधले, आणि या गावावरूनच अशा पदार्थांना पोझोलाना हे नाव मिळाले. आपल्याकडे तेच काम सुरखीने केले. भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुरखी. चुन्याच्या घाणीत ती चुन्याबरोबर दळून पाण्यातल्या बांधकामांना वापरत. तिथेही युक्ती तीच : भाजल्याने मातीची स्फटिकी शिस्त मोडते आणि ती चुन्याशी बोलू लागते. गावात जुना वाडा, विहीर किंवा तलावाचा बंधारा असेल तर राखेचा धडा वीजकेंद्रापासून नव्हे, तिथून सुरू करावा असे मला वाटते. कोळशाच्या राखेवर पद्धतशीर अभ्यास मात्र विसाव्या शतकातला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९३७ साली प्रसिद्ध झाला, आणि १९४८ ते १९५३ या काळात अमेरिकेतील माँटाना राज्यात बांधलेल्या हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आपल्याकडे रिहंद धरणात सिमेंटचा सुमारे १५ टक्के भाग राखेचा होता. महाराष्ट्रात घाटघर येथे रोलरने दाबून केलेल्या काँक्रीटच्या धरणांत तर सिमेंटपेक्षा राख जास्त होती.

सगळी उदाहरणे धरणांचीच का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडते. धरणासारख्या जाड काँक्रीटमध्ये ती आत कोंडते आणि पुढे थंड होताना तडे जातात. राखेची क्रिया सावकाश चालत असल्याने उष्णताही सावकाश निघते. शिवाय धरणाला घाई नसते. पूर्ण भार यायला महिने, कधी वर्षे जातात, आणि तोवर आतले काँक्रीट ओलेच राहते. राखेचा संथपणा तिथे गुण ठरतो. तोच संथपणा दुमजली घराच्या स्लॅबमध्ये उन्हाळ्यात काय करतो, हे मात्र तक्ता सांगत नाही.

आता या प्रकल्पातल्या प्रयोगाकडे वळू. थोड्या मेहनती शाळा नुसता तक्ता लावत नाहीत. त्या ०, १०, २० आणि ३० टक्के राख घालून ठोकळे करतात, सात दिवस पाण्यात ठेवतात आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नेऊन फोडतात. आलेख उतरता येतो. निष्कर्ष लिहिला जातो : राखेने मजबुती कमी होते, १० टक्के प्रमाण योग्य. कष्ट खरे, मोजमाप खरे, निष्कर्ष चुकीचा. सातव्या दिवशी सिमेंटने आपले बरेचसे काम उरकलेले असते आणि राखेने जेमतेम हात घातलेला असतो. तेच ठोकळे २८ दिवसांनी फोडले तर अंतर कमी झालेले दिसते. राख चांगल्या प्रतीची असेल, पाणी बेताचे घातले असेल आणि ठोकळे ओले ठेवले असतील तर ९० दिवसांनी २०-३० टक्के राखेचे ठोकळे साध्या सिमेंटची बरोबरी करतात, पुष्कळदा पुढेही जातात. मुलांना वाटते की आपण पदार्थाचा गुण मोजला. प्रत्यक्षात त्यांनी एका चालू क्रियेतला एक क्षण मोजलेला असतो. पळणाऱ्या दोन मुलांचे एकच छायाचित्र काढून कोण जिंकले ते सांगण्यासारखे हे आहे. सात दिवसांचा प्रयोग करू नये असे मी म्हणत नाही. तो करावाच, पण आलेखाचा आडवा अक्ष राखेच्या टक्क्यांचा न घेता दिवसांचा घ्यावा. एवढ्या बदलाने प्रकल्पाचा अर्थ पालटतो.

हा बदल केवळ शाळेपुरता नाही. बाजारात मिळणारे पीपीसी, म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, हे राख मिसळलेलेच सिमेंट आहे. आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे त्यात १५ ते ३५ टक्के राख असू शकते, आणि ती राखेवर आधारित असल्याचे पोत्यावर छापलेले असते. आपल्यातल्या अनेकांची घरे या सिमेंटची आहेत. ‘राखेचे सिमेंट म्हणजे भेसळ’ असे म्हणणारे गृहस्थ आणि ‘राखेने सगळेच फायदे’ म्हणणारा तक्ता, दोघेही हे पोते उलटून वाचत नाहीत.

आयएस ४५६ हे काँक्रीटचे मानक २००० सालचे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारावे, राखेसारखी द्रव्ये मिसळली असतील तर किमान १० दिवस, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर ते १४ दिवसांपर्यंत वाढवावे, असे ते सांगते. सेंट्रिंग काढण्याच्या मुदतीही त्यात साध्या सिमेंटसाठी दिल्या असून इतर सिमेंटसाठी योग्य तो फरक करावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपण सगळेच पाहतो. पोते पीपीसीचे, आणि सवयी जुन्या सिमेंटच्या. स्लॅबवर आळी करून चार-पाच दिवस पाणी साठवायचे, मग विटा चढवायच्या म्हणून आळी मोडायची. खांबांना गुंडाळलेले बारदान दुसऱ्या दिवशी वाळते आणि तसेच राहते. सिमेंटचे काम तोवर बरेच झालेले असते, त्यामुळे इमारत पडत नाही, आणि ठेकेदारालाही वाटते की सर्व ठीक आहे. राखेची क्रिया मात्र पाण्याअभावी थांबते. मग राख खरोखरच नुसती फटीत बसलेली भुकटी ठरते. तिच्यामुळे सिमेंट कमी केलेले असते ते असतेच.

याचा परिणाम वर्षांनी दिसतो. नीट पाणी मिळालेले राखेचे काँक्रीट सच्छिद्रता कमी झाल्याने समुद्राजवळ फार उपयोगी पडते. क्लोराइडे आत शिरायला त्यात अधिक वेळ लागतो. कोकणात किंवा गोव्यात घर बांधणाऱ्याने ते आवर्जून वापरावे. पण या नाण्याला दुसरी बाजू आहे. लोखंडी सळया काँक्रीटमध्ये गंजत नाहीत, कारण आतले वातावरण अल्कधर्मी असते, आणि त्या अल्कधर्माचा साठा म्हणजे तोच मोकळा चुना. राख तो खर्च करते. बदल्यात घट्टपणा आला तर सौदा फायद्याचा. पाणी न मिळाल्याने घट्टपणा आला नाही, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत जातो, आणि त्याला अडवायला चुना मुळातच कमी असतो. मराठवाड्यात मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर शाळेची खोली बांधली जाते, तेव्हा १४ दिवस पाणी मारण्याची अट केवढी मोठी आहे हे वेगळे सांगायला नको. ओल्या बारदानावर प्लास्टिकचा कागद अंथरला तर पाणी पुष्कळ वाचते. तक्त्यावर ‘पैशांची बचत’ लिहिताना हा कागद आणि हे पाणी हिशोबात धरलेच पाहिजे.

कुठली राख, हाही मुद्दा आहेच. प्रकल्पासाठी मुले सरसकट मिळेल ती राख आणतात. चुलीतली लाकडाची राख वेगळी. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि पोटॅशची लवणे. वीटभट्टीची राख वेगळी. साखर कारखान्यातल्या बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, पण न जळलेला कार्बन किती आणि सिलिका काचरूप किती यावर सर्व अवलंबून. वीजकेंद्रातसुद्धा धुरातून विद्युत-अवक्षेपकाने पकडलेली कोरडी बारीक राख वेगळी, आणि भट्टीच्या तळाची भरड राख मिसळून पाण्याबरोबर राखतलावात सोडलेली वेगळी. कोराडी, चंद्रपूर, परळी, दीपनगर, एकलहरे या परिसरातल्या शाळांना तलावातली राख सहज मिळते; ती भरावाला आणि विटांना चालते, सिमेंटबरोबरच्या प्रयोगाला तिचा भरवसा नाही. आयएस ३८१२ हे मानक राखेचा बारीकपणा, न जळलेला कार्बन आणि चुन्याशी क्रिया करण्याची क्षमता मोजायला लावते. ‘राख’ या एका शब्दाखाली इतके पदार्थ येतात हे मुलांना कळले, तरी प्रकल्प सार्थकी लागला म्हणायचा.

तिसरा फायदा, पर्यावरणाचा. क्लिंकरमध्ये सुमारे ६५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड असते. चुनखडीच्या समीकरणाप्रमाणे ५६ भाग ऑक्साइडमागे ४४ भाग कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे टनभर क्लिंकरमागे नुसत्या चुनखडीतून अर्धा टन, आणि इंधनाचा मिळवला तर पाऊण टनाच्या वर. तेवढा क्लिंकर वाचवला तर तेवढा वायू वाचला, हे बरोबर. आता दुसरे गणित फळ्यावर मांडा. कोळशात ४० टक्के राख आणि ढोबळमानाने तितकाच कार्बन धरला, तर एक टन राखेसाठी अडीच टन कोळसा जळतो, त्यातला एक टन कार्बन असतो, आणि त्याचा साडेतीन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो. तो विजेच्या खात्यावर मांडायचा हे मान्य. कोळसा जळणारच असेल तर त्याची राख काँक्रीटमध्ये जाणे केव्हाही चांगले. पण राखेला ‘हरित’ म्हणताना ती कुठून आली हे पुसून टाकणे मला विज्ञानाला धरून वाटत नाही.

सरकारी आकड्यांबाबतही तेच. १९९६-९७ साली देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निघत होती आणि तिचा दहा टक्क्यांहून कमी वापर होत होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची पहिली अधिसूचना १९९९ ची. नंतर ती अनेकदा सुधारली गेली आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला. २०२१-२२ मध्ये राख होती सुमारे २७ कोटी टन आणि वापर जवळजवळ ९६ टक्के. प्रगती खरीच मोठी आहे. मात्र ‘वापर’ या शब्दात सखल जमिनी भरणे, खाणी बुजवणे आणि राखतलावाचाच बांध उंच करणे हेही येते. सिमेंटात जाते ती साधारण चौथा हिस्सा. राखेत अल्प प्रमाणात आर्सेनिक, शिसे, क्रोमियम अशी द्रव्ये असतात. काँक्रीटमध्ये ती जखडली जातात, उघड्या भरावात पावसाचे पाणी त्यांना भेटू शकते. ९६ टक्क्यांचा आकडा तक्त्यावर लिहायचा तर त्याची फोडही लिहावी.

शिवाय ही राख कायमची नाही. ब्रिटनमधले शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. आपल्याकडे ती वेळ दूर आहे, तरी भाजलेली माती आणि चुनखडीची पूड वापरणाऱ्या सिमेंटसाठी भारतीय मानक २०२३ साली आले आहे. सुरखीच नव्या वेषात परत आली म्हणा ना.

या प्रकल्पाला पर्याय म्हणून एक साधा प्रयोग सुचवतो. झाकणाच्या चार लहान प्लास्टिक डब्या घ्या. पहिलीत नुसती कोरडी उडती राख, दुसरीत विरवलेला चुना, तिसरीत वजनाने एक भाग चुना व दोन भाग राख, चौथीत एक भाग चुना व दोन भाग अगदी बारीक चाळलेली वाळू. प्रत्येकीत घट्ट पिठासारखे होईल एवढेच पाणी कालवून दाबून भरा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा, म्हणजे ओल टिकेल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाणार नाही. चुना डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतो, तेव्हा हातमोजे व चष्मा हवा. राख उडू न देता आधी भिजवावी, तोंडाला फडके बांधावे. असे निदान तीन संच करा : एक सातव्या दिवशी उघडायचा, एक महिन्याने, एक दोन महिन्यांनी. उघडल्यावर खिळ्याने ओरखडा काढून पाहा आणि तुकडा पाण्यात टाकून तो ढासळतो का ते पाहा. चौथ्या डबीकडे मुलांचे लक्ष मुद्दाम वेधा, कारण काच आणि स्फटिक यांतला फरक तीच दाखवते. क्रिया उबेत लवकर होते, म्हणून आणखी एक संच पत्र्याच्या छपराजवळ ठेवता आला तर उत्तम. प्रदर्शने बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. गणपतीच्या सुट्टीआधी डब्या भरल्या तर दिवाळीनंतर शेवटचा संच उघडता येईल, आणि सातव्या दिवसाच्या मऊ तुकड्यांची नोंद वहीत तशीच ठेवावी.